डिस्क रिकामी असूनही उबुंटूचे अपग्रेड ‘जागा अपुरी’ म्हणून थांबते

वाचनमग्न

नमस्कार. आमच्या ‘ब’ वर्गाच्या तालुका वाचनालयाची ग्रंथसूची आणि पुस्तकांची देवघेव ‘कोहा’ या मुक्त प्रणालीवर चालते. ती ज्या संगणकावर आहे त्यावर उबुंटू २२.०४ आहे. या आवृत्तीला नेहमीची सुरक्षा दुरुस्ती एप्रिल २०२७ पर्यंतच मिळणार असल्यामुळे, वार्षिक अहवालाची धांदल सुरू होण्याआधीच २४.०४ वर जावे असे मंडळात ठरले आणि ते काम माझ्याकडे आले.

अपग्रेड सुरू केल्यावर काही मिनिटे सर्व सुरळीत चालते आणि मग ते स्वतःहून रद्द होते. बूट या ठिकाणी एकूण १८९ एमबी मोकळी जागा हवी असून आणखी १३४ एमबी मोकळी करावी, कचरापेटी रिकामी करावी आणि ‘एपीटी-गेट क्लीन’ ही आज्ञा चालवावी, असे त्या संदेशाचे तात्पर्य आहे. कचरापेटी रिकामी केली, क्लीनही चालवले, जुन्या चित्रफिती बाहेरच्या डिस्कवर हलवल्या. तरी १३४ हा आकडा तसूभरही हलला नाही. मुख्य डिस्क ५०० जीबीची असून तिच्यावर ३८० जीबीहून अधिक जागा मोकळी आहे. संगणक बसवून देणाऱ्या विक्रेत्याने सभासदांची माहिती सुरक्षित राहावी म्हणून संपूर्ण डिस्क कूटबद्ध करून दिली होती. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

ओसरी

संबंध आहे, आणि बराच आहे. डिस्क कूटबद्ध असली की संगणक सुरू होताना पहिली पायरी वाचता येण्यासाठी काही फाइली कुलपाबाहेर ठेवाव्या लागतात. त्यासाठी बूट नावाचे एक छोटे, स्वतंत्र आणि न कूटबद्ध केलेले पार्टिशन तयार केले जाते. तुमची ३८० जीबी जागा कुलपाच्या आत आहे आणि अपग्रेडला हवी असलेली जागा कुलपाच्या बाहेर आहे. कचरापेटी, चित्रफिती आणि एपीटीने (कार्यक्रमांची पॅकेजेस उतरवून बसवणाऱ्या व काढणाऱ्या साधनाने) उतरवून ठेवलेली पॅकेजेस हे सर्व आतल्या बाजूला असल्यामुळे त्यातले कितीही काढले तरी बूटला एका एमबीचाही लाभ होत नाही. तो संदेश वाचताना आकड्याआधी ठिकाणाचे नाव वाचावे, कारण सगळा खुलासा त्या एका नावात असतो.

कृपया प्रत्येक पार्टिशनवरची वापरलेली व मोकळी जागा दाखवणाऱ्या ‘डीएफ -एच’ या आज्ञेतली बूटची ओळ आणि बूटमधल्या फाइलींची आकारांसह यादी येथे द्यावी. सध्या कोणते कर्नेल (प्रणालीचा गाभा) चालू आहे तेही ‘यूनेम -आर’ चालवून सांगावे. तोपर्यंत काहीही पुसू नये.

वाचनमग्न

बूटचा एकूण आकार ४८८ एमबी, वापरलेली जागा ४०८, उपलब्ध ५५. (ही बेरीज जुळत नाही, ते का?) आत चार कर्नेल दिसतात: दोन ५.१५ मालिकेतली आणि दोन ६.८ मालिकेतली. चालू असलेले कर्नेल ६.८ चे आहे. प्रत्येकाबरोबर ‘इनिटआरडी’ नावाची एक मोठी फाइल आहे, ५.१५ बरोबरच्या अंदाजे ७५ एमबीच्या आणि ६.८ बरोबरच्या ८० एमबीच्या पुढच्या.

ओसरी

आधी बेरजेविषयी. ईएक्सटी४ पद्धतीच्या पार्टिशनवर साधारण ५ टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवलेली असते आणि डीएफ ती ‘उपलब्ध’ या रकान्यात धरत नाही. तुमच्याकडचे हरवलेले २५ एमबी तेच आहेत. मुख्य पार्टिशनवर ही राखीव जागा उपयोगाची असते, कारण डिस्क तुडुंब भरली तरी प्रशासकाला आत येऊन साफसफाई करता येते. बूटमध्ये मात्र लिहिणारा प्रशासकच असल्यामुळे तिथे ती ठेवण्यात फारसा अर्थ नाही आणि ‘ट्यून२एफएस’ने ती शून्यावर आणता येते. तरीही २५ एमबीने तुमचे काम भागणार नाही.

खरा प्रश्न चार कर्नेलांचा आहे. उबुंटू नवे कर्नेल बसवताना जुने लगेच काढत नाही, कारण नव्याने संगणक सुरू झालाच नाही तर परतीची वाट उघडी राहिली पाहिजे. ‘ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा चालू असलेले, सर्वांत नवे आणि साधारणपणे त्याच्या आधीचे कर्नेल राखून बाकीची काढते. तुमच्याकडे दोन मालिका शेजारी शेजारी नांदत आहेत, याचा अर्थ बहुधा ‘लिनक्स-जेनेरिक’ आणि ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४’ ही दोन्ही मुख्य पॅकेजेस बसवलेली आहेत. पहिले ५.१५ ची नवनवी कर्नेल आणत राहते, दुसरे (एचडब्ल्यूई, म्हणजे नव्या यंत्रसामग्रीसाठीचे) ६.८ ची. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला अनावश्यक ठरवत नाही, त्यामुळे ऑटोरिमूव्ह कितीही वेळा चालवले तरी ‘काढण्यासारखे काही नाही’ हेच उत्तर येते.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इनिटआरडी ही संगणक सुरू होताना कर्नेलला लागणारी फाइल पॅकेजमधून तयार येत नाही. तुमच्या संगणकावर असलेल्या चालकांमधून (ड्रायव्हरांमधून) आणि फर्मवेअरमधून ती जागेवर तयार केली जाते. नवी तयार होऊन पूर्ण होईपर्यंत जुनी पुसली जात नाही, त्यामुळे थोडा काळ एकाच कर्नेलच्या दोन इनिटआरडी बूटमध्ये असतात. अपग्रेडला लागणारी जागा नुसत्या नव्या कर्नेलच्या आकाराहून बरीच जास्त दिसते, त्यामागे हेही एक कारण आहे.

खडूफळा

एवढे पाल्हाळ लावण्याची गरज नाही. आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रकार नेहमीचा आहे. प्रशासक म्हणून बूटमध्ये जावे, जुन्या क्रमांकाच्या इनिटआरडी फाइली ‘आरएम’ने पुसाव्यात, जागा मोकळी होते आणि अपग्रेड पुढे सरकते.

ओसरी

खडूफळा, जागा मोकळी होते हे खरे. परंतु पॅकेजांची नोंदवही ठेवणाऱ्या डीपीकेजीला त्याची वार्ता नसते. त्याच्या दृष्टीने ते कर्नेल अजून बसवलेलेच असते. पुढे सर्व कर्नेलांच्या इनिटआरडी नव्याने बांधायची वेळ आली, आणि आवृत्ती बदलताना ती येऊ शकते, की पुसलेली फाइल पुन्हा उभी राहते आणि तीही अपग्रेड निम्म्यावर असताना. शिवाय सुरुवातीच्या यादीत त्या कर्नेलची ओळ तशीच राहते आणि कोणी ती निवडली तर संगणक मध्येच अडकतो. वाचनमग्न यांच्याकडे एपीटी अजून व्यवस्थित चालत आहे, त्यामुळे हा मार्ग त्यांना सुचवू नये.

त्यांनी आधी ‘कोहा-डंप’ने ग्रंथसूचीची प्रत काढून ती बाहेरच्या डिस्कवर ठेवावी. चालू कर्नेल ६.८ चेच आहे याची पुन्हा खात्री करून ‘लिनक्स-जेनेरिक’, आणि त्याच्याबरोबर बसवलेली ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’ व ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’, ही मुख्य पॅकेजेस काढावीत. काढताना एपीटी कोणकोणती पॅकेजेस जाणार याची यादी दाखवते. ती ओळ न ओळ वाचावी आणि तीत एचडब्ल्यूईचे नाव दिसल्यास तिथेच थांबावे. त्यानंतर ‘ऑटोरिमूव्ह --पर्ज’ चालवावे. तरीही ५.१५ चे एखादे कर्नेल राहिले, तर ते ‘हाताने बसवलेले’ म्हणून नोंदले गेले आहे का हे ‘एपीटी-मार्क शोमॅन्युअल’मध्ये पाहावे, कारण तशी नोंद असलेल्याला ऑटोरिमूव्ह हात लावत नाही. प्रत्येक ५.१५ कर्नेलमागे सुमारे ९० एमबी सुटले पाहिजेत.

खडूफळा

मान्य, पण माझा अनुभव वेगळ्या स्थितीचा आहे. बूट शंभर टक्के भरलेले असते, एक कर्नेल अर्धवट बसलेले असते, आणि एपीटीला काहीही काढायला सांगितले तरी ते आधी ते अर्धवट काम पुरे करू पाहते व जागा नाही म्हणून पडते. जागा करण्यासाठी काढायचे, तर काढण्यासाठीच जागा हवी. अशा वेळी नियमावली काय सांगते?

ओसरी

त्या स्थितीत एपीटीला बगल देऊन थेट डीपीकेजीकडे जावे. ‘डीपीकेजी --पर्ज’ एका विशिष्ट जुन्या कर्नेलपुरतेच काम करते आणि दुसरे कोणते पॅकेज अर्धवट आहे याची फिकीर करत नाही. मात्र ‘लिनक्स-इमेज’ एकटे काढू पाहिल्यास ते नकार देते, कारण त्याच क्रमांकाचे ‘मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ त्याच्यावर अवलंबून असते. म्हणून दोन्ही एकाच आज्ञेत द्यावीत. एवढे करूनही वाट मिळाली नाही, तर तुम्ही म्हणता तसे एका जुन्या, चालू नसलेल्या कर्नेलची इनिटआरडी पुसावी, लगेच ‘एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ चालवावे आणि ज्या कर्नेलची फाइल पुसली ते पॅकेजही त्याच बैठकीत काढून टाकावे. पुसून उठून जाणे हे धोक्याचे आहे; पुसणे हा शेवटचा उपाय म्हणून मलाही मान्य आहे.

सांजवेळ

माझे मत थोडे निराळे आहे. ५१२ एमबीचे बूट पार्टिशन आज जेमतेम पुरले तरी २६.०४ च्या वेळी पुन्हा हीच अडचण येईल, कारण इनिटआरडीचा आकार वाढतच चालला आहे. ग्राफिक्स कार्डांचे फर्मवेअर त्यात येते, आणि एनव्हिडियाचे चालक बसवलेले असल्यास तर पाहायलाच नको. आजचा उबुंटू स्थापक कूटबद्ध डिस्कसाठी सुमारे २ जीबीचे बूट देतो, ते उगीच नव्हे.

असलेले बूट पार्टिशन वाढवावे, तर त्याच्या लगेच पुढे कूटबद्ध पार्टिशन सुरू होते. मागच्या टोकाकडून जागा काढून उपयोग नाही. त्या पार्टिशनची सुरुवातच पुढे सरकवावी लागेल, म्हणजे आतली फाइलप्रणाली, तिच्याबाहेरचे एलव्हीएम (डिस्कची जागा विभागून देणारा थर) आणि त्याबाहेरचे कूटबद्ध आवरण या क्रमाने सर्व आक्रसून मग पूर्ण आशय हलवायचा. मध्ये वीज गेली तर काय होईल ते सांगायला नको. त्यापेक्षा कोहाची प्रत काढावी, २४.०४ नव्याने बसवावे आणि ‘कोहा-रिस्टोअर’ने सर्व परत आणावे. वाचनालयाच्या एका साप्ताहिक सुट्टीत हे काम व्हावे.

ओसरी

सांजवेळ यांचा मुद्दा दूरच्या विचाराने बरोबर आहे आणि ज्यांच्याकडे दुसरा संगणक मोकळा आहे त्यांनी तसेच करावे. वाचनालयात मात्र कोहाबरोबर पावत्यांचा मुद्रक, बारकोडचे वाचक, मराठी कळफलक आणि रात्रीच्या प्रतींचे वेळापत्रक अशा बारीकसारीक जुळण्या असतात आणि त्या कोणत्याही डंपमध्ये येत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी वाचक दारात उभे असताना त्या आठवत बसावे लागते.

दरम्यानचा एक उपाय आहे. इनिटआरडी तयार करणाऱ्या इनिटरामएफएसच्या मांडणी-फाइलमध्ये ‘कॉम्प्रेस’ची (फाइल आकसण्याच्या पद्धतीची) किंमत झेडएसटीडी असते, ती एक्सझेड केल्यास फाइल लहान होते, बांधताना आणि संगणक सुरू होताना थोडा अधिक वेळ जातो, एवढेच. त्याच फाइलमध्ये ‘मॉड्यूल्स’ची किंमत ‘मोस्ट’ऐवजी ‘डेप’ केल्यास आकार आणखी उतरतो, कारण मग याच संगणकाला लागणारे चालक तेवढे घेतले जातात. परंतु उद्या मदरबोर्ड जळाला आणि हीच डिस्क दुसऱ्या संगणकाला लावली, तर ती सुरू होईलच असे नाही. वाचनालयासाठी मी पहिला बदल सुचवीन, दुसरा नाही.

दगडीवाडा

विंडोजवाल्यांची बाजूही नोंदवून ठेवतो, कारण रोग हाच आहे. ९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ ही सुरक्षा दुरुस्ती दिली. ती विंडोजमधली डिस्क कूटबद्ध करणाऱ्या बिटलॉकरला बगल देता येणाऱ्या एका त्रुटीवर होती आणि संगणक सावरण्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या पार्टिशनमध्ये २५० एमबी मोकळी जागा तिला हवी होती. अनेकांकडे ते पूर्ण पार्टिशनच ५०० एमबीच्या आसपासचे होते. दुरुस्ती बसेना, आणि पडद्यावर मात्र ०एक्स८००७०६४३ हा नुसता ‘स्थापना अयशस्वी’ या अर्थाचा क्रमांक दिसे. जागेचा उल्लेखच नाही. सी ड्राइव्हवर शेकडो जीबी रिकामी असलेली माणसे डोके धरून बसली होती. शेवटी मायक्रोसॉफ्टने ते पार्टिशन हाताने वाढवण्याची कृती प्रसिद्ध केली, जी सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती.

संगणक सुरू करणाऱ्या फाइली ठेवणाऱ्या, विंडोजच्या १०० एमबीच्या ईएफआय पार्टिशनचेही तेच. ते भरले की आवृत्ती बदलताना ‘सिस्टम रिझर्व्ह्ड पार्टिशन अद्ययावत करता आले नाही’ असा संदेश येतो आणि लोक डाउनलोड फोल्डर रिकामे करत बसतात.

ओसरी

दगडीवाडा, उदाहरण चपखल आहे. त्या तुलनेत उबुंटूच्या अपग्रेडरने निदान ठिकाण, लागणारी जागा आणि तूट ही तिन्ही सांगितली, आणि मुख्य म्हणजे एकही पॅकेज बदलण्याआधी सांगितली. ही पूर्वतपासणी किती मोलाची आहे हे मॅकच्या ‘बिग सर’ (११) या आवृत्तीच्या वेळी दिसले होते. ॲपलच्याच माहितीप्रमाणे सिएरा या जुन्या किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवरून जाण्यासाठी ३५.५ जीबी मोकळी जागा हवी होती. तरीही २०२१ च्या सुरुवातीला स्थापक ती न तपासताच काम सुरू करत होता. मग जागा मध्येच संपे आणि संगणक धड जुन्या आवृत्तीत नाही, धड नव्या आवृत्तीत नाही, अशा अवस्थेत अडके. फाइलव्हॉल्ट (मॅकची डिस्क कूटबद्ध करण्याची सोय) चालू असलेल्यांना तर आपली माहिती बाहेर काढणेही कठीण झाले. फेब्रुवारीत ११.२.१ च्या स्थापकात तपासणी दुरुस्त करण्यात आली. आपल्याकडच्या संदेशात कचरापेटीचा सल्ला बूटच्या बाबतीत दिशाभूल करतो ही तक्रार रास्त आहे, पण थांबवले ते योग्यच केले.

वाचनमग्न

सर्वांचे आभार. ओसरी यांनी दिलेल्या क्रमाने काम केले. कोहाची प्रत आधी बाहेर ठेवली. लिनक्स-जेनेरिक खरोखरच बसवलेले होते. ते आणि त्याच्या सोबतची पॅकेजेस काढून ऑटोरिमूव्ह चालवल्यावर ५.१५ चे एक कर्नेल गेले. दुसरे ‘हाताने बसवलेले’ म्हणून नोंदलेले आढळले, ते स्वतंत्रपणे काढले. बूटमध्ये आता २४० एमबी उपलब्ध दिसतात. राखीव जागेला हात लावला नाही. एक्सझेडचा बदल केला असून ६.८ च्या दोन्ही इनिटआरडी नव्याने बांधल्या. त्या आधीपेक्षा लहान झाल्या आहेत. संगणक पुन्हा सुरू करून पाहिला, नेहमीप्रमाणे चालतो.

अपग्रेड सोमवारी, वाचनालय बंद असताना करणार आहे. त्याआधी आणखी काही पाहावे का?

ओसरी

दोन गोष्टी. पहिली, बूट मोकळे झाले म्हणजे मुख्य पार्टिशनची तपासणी संपली असे नाही. तुमच्याकडे तिथे ३८० जीबी आहेत म्हणून तो प्रश्न येणार नाही, इतरांनी मात्र उतरवलेली पॅकेजेस आणि ती उलगडल्यावर लागणारी जागा मिळून काही जीबी हाताशी ठेवावेत. दुसरी, अपग्रेडर बाहेरचे पॅकेज-स्रोत बंद करतो आणि कोहाचा स्रोत त्यातच मोडतो. अपग्रेडनंतर तो पुन्हा चालू करावा, मात्र त्याआधी तुमची कोहा आवृत्ती २४.०४ वर चालते का हे कोहाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

पाणंद

याच धाग्यात विचारतो, कारण माझे उलटे आहे. बूट ठीक आहे, पण ४० जीबीच्या मुख्य पार्टिशनवर जागा नाही म्हणून अपग्रेड थांबते. डीएफ ३७ जीबी वापरात दाखवते आणि ‘डीयू’ने सर्व फोल्डरांची बेरीज केली तर १९ च्या वर जात नाही. जर्नल (प्रणालीच्या नोंदी) आकसून पाहिले, स्नॅप पद्धतीच्या पॅकेजेसच्या जुन्या आवृत्त्या काढल्या, संगणक पुन्हा सुरू केला. मधले १८ जीबी कोठे आहेत? रात्रीची प्रत बाहेरच्या यूएसबी डिस्कवर जाते, ती ‘एमएनटी’खालच्या ‘प्रत’ या फोल्डरवर जोडलेली असते.

ओसरी

डीयूपेक्षा डीएफ मोठे दिसण्याची नेहमीची दोन कारणे आहेत. एखादी पुसलेली फाइल चालू कार्यक्रमाने अजून धरून ठेवलेली असणे, हे पहिले. ‘एलएसओएफ’ने ते कळते, परंतु तुम्ही संगणक पुन्हा सुरू केला असल्यामुळे ते बाद होते. दुसरे कारण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. यूएसबी डिस्क जोडलेली नसताना प्रतीचा कार्यक्रम चालला, तर तो बिनतक्रार त्याच फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य पार्टिशनवर लिहितो. नंतर डिस्क जोडली की ती त्या फोल्डरवर येऊन बसते आणि खालचे सर्व झाकले जाते. डीयूला ते दिसत नाही, डीएफच्या हिशेबात मात्र ते असते.

मुख्य पार्टिशन ‘माउंट --बाइंड’ने दुसऱ्या एका रिकाम्या फोल्डरवर जोडावे आणि तिथून एमएनटीखालचे ‘प्रत’ उघडून पाहावे.

पाणंद

तिथेच आहे. मागच्या पावसाळ्यात वीज सारखी जात होती, त्या काळातल्या तारखांच्या प्रती दिसतात, १८ जीबीला थोड्या कमी. पुसू का?

ओसरी

त्या तारखांच्या प्रती यूएसबी डिस्कवर आहेत का हे आधी ताडून पाहावे. बहुधा नसतील, कारण त्या रात्री डिस्क जोडलेलीच नव्हती. ज्या हव्या असतील त्या तिकडे उतरवून मग इथल्या पुसाव्यात. त्यानंतर यूएसबी डिस्क काढून रिकाम्या ‘प्रत’ फोल्डरवर ‘सीएचएटीटीआर +आय’ (फोल्डर न बदलता येण्याजोगे करणारी आज्ञा) चालवावे. मग डिस्क नसताना प्रशासकालाही त्यात लिहिता येणार नाही आणि प्रतीचा कार्यक्रम त्याच रात्री चूक दाखवून थांबेल.